चौथ्या माळेची चिलापी

१

सकाळी सव्वासहा वाजता कळंबा तळ्याच्या मागच्या अंगाला असलेल्या मुलींच्या बालगृहात हौदातले सगळे मासे मेलेले आढळले.

नवरात्राची चौथी माळ होती. मासे चिलापी जातीचे, वीतभर वाढलेले. पोटं वर करून ते इतके दाट तरंगत होते की खालचं पाणी दिसत नव्हतं. त्याच पाण्यावर वाढणाऱ्या भाजीला मात्र काही झालं नव्हतं. पत्र्याच्या शेडखाली पांढऱ्या पाइपांच्या भोकांतून पालक, चुका आणि पुदिना रोजच्यासारखा टवटवीत उभा होता.

सकाळचं दूध उकळायच्या आत संस्थेचे विश्वस्त विजयसिंह सरनोबत गाडी घेऊन पोचले. त्यांनी मुलींच्या दालनाची झडती घ्यायला लावली. उसावर फवारायच्या कीटकनाशकाची अर्धी रिकामी बाटली निघाली, क्रांती नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या ट्रंकेमागून. मासे मारून टाकीन, असं ती महिनाभर उघड म्हणत होती.

दुपारच्या आत बाल कल्याण समितीकडे अर्ज गेला. मुलगी इतरांना धोकादायक आहे, तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात हलवावं. तिची सहा वर्षांची बहीण पमी हिच्याबद्दल अर्जात एकच ओळ होती: ती इथेच राहील.

समितीच्या अध्यक्षांनी संयोगिता इंगवले यांना फोन केला. संयोगिताबाई समितीच्या सदस्य. त्याआधीची सगळी नोकरी त्यांनी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती.

"अर्जावर उद्या अकराला बसायचंय," अध्यक्षा म्हणाल्या. "तुम्हाला पाण्यातलं कळतं. एकदा जाऊन बघा की."

"मुलीला विचारलं कुणी?"

"विचारलं म्हणतात. ती काही बोलतच नाही. म्हणून तर सगळ्यांना खात्री झालीय."

संयोगिताबाईंनी तपासणीची पेटी स्कूटरच्या पायदानावर ठेवली. आळ आलेली माणसं त्यांनी समितीपुढं पुष्कळ पाहिली होती. खरी असोत, खोटी असोत, ती बोलायची थांबत नसत. ही मुलगी गप्प होती, म्हणजे तिला मासे मारण्याच्या आळापेक्षाही अवघड असं काहीतरी लपवायचं होतं.

२

हौदाच्या कडेला एक माणूस जाळीच्या टोपल्यानं मासे काढून पोत्यात भरत होता. कुतुबुद्दीन शिकलगार. कळंब्याच्या रस्त्याला त्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि इथल्या पंपाची देखभाल त्याच्याकडं होती.

"या मॅडम," तो म्हणाला. "मयताला आलासा. माती द्यायच्या टायमाला पोचलासा बघा."

"कुठं पुरताय?"

"नारळाच्या बुडात. निदान झाड तरी खाईल. पोरींच्या नशिबी न्हाई."

पाणी कसं फिरतं ते संयोगिताबाईंनी त्याच्याकडून समजून घेतलं. माशांच्या हौदातलं पाणी पंपानं दोन निळ्या पिंपांत जायचं, पिंपांतून भाजीच्या पाइपांत, पाइपांतून खालच्या छोट्या टाकीत, आणि तिथून परत माशांकडं. माशांची घाण भाजीचं खत व्हायची आणि पाणी निवळून परत यायचं. वर्षभर मुलींच्या ताटात रोज हिरवी भाजी होती आणि आठवड्यातून दोनदा मासा. श्रावण लागला तसा मासा बंद झाला होता, मध्ये गणपती झाले, आता नवरात्र. त्यामुळं हौदात मासा नेहमीपेक्षा दाटला होता.

संयोगिताबाईंनी पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब सोडले. रंग गडद हिरवा आला. अमोनिया भयंकर वाढलेला होता. पण मेलेले मासे पाण्यात पडून राहिले की अमोनिया चढतोच. एवढ्यावर त्यांनी काही ठरवलं नाही. एका माशाचे कल्ले उचकून पाहिले, ते काळपट पडले होते. हौदाच्या काठाला कालचे खाण्याचे दाणे फुगून चिकटले होते.

मग त्या खालच्या छोट्या टाकीपाशी गेल्या. फुलपात्र बुडवून पाणी उजेडात धरलं. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. एक-दोन नव्हे, पुष्कळ.

"त्ये डास हैत," कुतुबुद्दीन म्हणाला. "मासा खाली येत न्हाई न्हवं, म्हणून माजल्यात."

"पाणी तेच ना हे? हौदातलंच?"

"त्येच की. फिरत असतंय. रातभर पंप चालू हुता, आत्ताबी चालूच हाय. ऐका की आवाज."

पंपाचा आवाज येत होता. संयोगिताबाई फुलपात्र हातात धरून उभ्या राहिल्या. किडे मारायचं औषध पाण्यात पडलं असतं, तर पहिल्या मेल्या असत्या त्या या अळ्या. मासे त्यांच्यानंतर. वरच्या हौदात विष आणि खालच्या टाकीत जिवंत अळ्या, हे एकाच पाण्यात होत नाही.

पाण्यात विष पडलंच नव्हतं. मग ती बाटली कुणी, आणि कशासाठी आणली?

३

निळ्या पिंपाचं झाकण त्यांनी स्वतः काढलं. आत कांद्याच्या जाळीच्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांत पाण्याच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं. गेल्या वर्षी जोतिबाच्या यात्रेनंतर मुलींनी डोंगरावर फिरून ती गोळा केली होती, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. निळी, पांढरी, हिरवी झाकणं आज खेळण्याच्या दुकानातल्यासारखी चकाकत होती.

"ही नवी घातलीत?"

"न्हाई," कुतुबुद्दीन म्हणाला आणि पोत्याचं तोंड बांधायला लागला.

"वर्षभर माशांच्या घाणीत राहून इतकी स्वच्छ?"

"तानाबाईस्नी विचारा. आत हैत."

तानाबाई स्वयंपाकीण होत्या. मुलींसाठी पिठलं ढवळत होत्या. स्वतःला नऊ दिवसांचा उपास होता.

"धुतली की," त्या सहज म्हणाल्या. "आवसंला दसरा काढला न्हवं आम्ही."

दसरा काढणं म्हणजे घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुऊन वाळवायची. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाकळा, गाद्या, पडदे, फळीवरचे डबे. बालगृहातही दरवर्षी हाच शिरस्ता होता.

"वाकळा काढल्या, ट्रंका काढल्या, भिती पुसल्या. आणि ती झाकणं सोड्याच्या कडकडीत पाण्यात घातली. काय शेवाळ वो त्येच्यावर, तांबडं, बुळबुळीत. दोनदा पाणी बदललं तवा निघालं. मग दिवसभर उनात."

"झाकणं धुवायचं तुमच्या मनानं?"

"माझ्या मनानं मी कशाला त्या पिंपाला हात लावतोय? दादासाहेबांनी सांगितलं. पुण्यास्नं पावणं येणार हैत, फोटो काढणार हैत. म्हणालं, तानाबाई, पिंप उघडलं की ओकारी येतीया, जरा चकाचक करा."

दादासाहेब म्हणजे विजयसिंह सरनोबत.

ते तांबडं बुळबुळीत म्हणजेच सगळी यंत्रणा होती. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्या थरात राहतात आणि माशांच्या घाणीतला अमोनिया मोडून त्याचं भाजीला चालेल असं खत करतात. सोड्याचं कढत पाणी आणि दिवसभराचं ऊन यांत ते एकूणएक मेले. त्यानंतर पाणी दिसायला स्वच्छच राहिलं. मासे रोज खात होते, रोज घाण करत होते, आणि ती घाण मोडणारं कुणी उरलं नव्हतं. संयोगिताबाईंनी हे तानाबाईंना साध्या शब्दांत सांगितलं.

तानाबाईंचा पिठल्यातला डाव थांबला. "म्हंजे मीच मारली का ती?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मावशी."

"सांगितलं न्हवतं खरं. पर हात माझंच न्हवं."

संयोगिताबाई पुन्हा शेडमध्ये आल्या. कुतुबुद्दीन पोत्यावर बसला होता. जणू त्यांचीच वाट बघत होता.

"तुम्हाला झाकणांचं माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हुतं. मी आणि दादासाहेब, दोघं गेलतो की ह्ये शिकायला. पयल्याच दिवशी शिकवणाऱ्यांनी सांगितलं, काय बी धुवा, झाकणं धुवायची न्हाईत."

"आणि कळलं कधी?"

"काल सांजच्याला. दाणा टाकला, एक मासा वर येईना. पिंप उघडलं तर ही रंगपंचमी. तितनंच फोन लावला दादासाहेबांस्नी. म्हटलं, दाणा बंद करा, निम्मं पाणी बदला, न्हाईतर रातीत जातील."

"काय म्हणाले?"

कुतुबुद्दीननं हौदाकडं बघितलं. "म्हणालं, कुतुबभाई, तुम्ही पंपाचं बघा."

"आणि तुम्ही पंपाचं बघितलंत."

"व्हय," तो म्हणाला. "बघितलं."

म्हणजे मासे मरणार आणि का मरणार, हे आदल्या संध्याकाळी दोन माणसांना ठाऊक होतं. दोघांपैकी एकानं दुसऱ्यावर बोट ठेवलं होतं. पण बोट ठेवणारा खरं बोलतो असं धरून चालण्याची संयोगिताबाईंना सवय नव्हती.

४

क्रांती शिवणाच्या खोलीत होती. खोली मागच्या बाजूला, स्वयंपाकघराला लागून. जमिनीवर चटई, घडी घातलेली वाकळ, भिंतीशी एक ताट आणि पेला पालथा घातलेला. मुलगी लहान फ्रॉकाला हुक लावत होती.

"इथं कुणी कोंडलंय तुला?"

"कोंडलं न्हाई. दार उघडंच हाय."

"मासे मारीन म्हणाली होतीस?"

"म्हणलो की. शाळेत पोरी मला चिलापी म्हणत्यात. हौद धुवायची पाळी माझी, हाताचा वास जात न्हाई. राख घासली, लिंबू घासलं. परवा बाकावर खडूनं मासा काढून ठेवलता."

"मग?"

"मग काय. शेपूट वाकडं काढलं हुतं. मी नीट केलं."

संयोगिताबाईंना हसू आलं, पण मुलगी हसली नाही.

"बाटली तुझी?"

"न्हाई."

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

क्रांतीनं दोरा दातानं तोडला. "तितं गडी माणसं हुती."

"म्हणून बोलायचं नाही?"

तिनं सुईत नवा दोरा ओवला. तेवढ्यात दारात पमी आली. हातात केळ. ती उंबऱ्याशी थबकली, केळ उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली. मग क्रांतीनं ते उचललं.

"आत ये की गं," संयोगिताबाई म्हणाल्या.

पमीनं बहिणीकडं बघितलं. क्रांतीनं मान हलवली आणि पमी पळाली. आळ आलेल्या मुलीजवळ धाकटीला जाऊ देत नाहीत, असा संयोगिताबाईंनी अर्थ लावला, आणि त्यांना अधीक्षिका प्रियदर्शनी मगदूम यांचा राग आला.

"मॅडम," क्रांती पहिल्यांदाच आपणहून बोलली. "मला कुठं बी पाठवा. लांब पाठवा. पर पमीला संगट पाठवा. ती माझ्याबिगर झोपत न्हाई. ह्या राती तिनं कशा काढल्यात, तिचं तिलाच ठावं."

संयोगिताबाई उठून दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मासे आज पहाटे मेले. आळ आज आला. शिक्षा व्हायची असेल तर ती आजच्या दिवसापासून. मग दोघी बहिणी त्याआधीच्या रात्री वेगळ्या का झोपल्या होत्या?

५

"देवाधर्माचं हाय," तानाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "घट बसला त्या दिशी तांबडं फुटायलाच पोरीनं मला हाक मारली. म्हटलं, बाई गं, घटाच्या खोलीत आता पाऊल टाकू नगंस. शिवणाच्या खोलीत हातरूण घातलं. उद्या न्हाऊन आत येईल."

पालथं ताट, पेला आणि उंबऱ्यावरचं केळ. संयोगिताबाईंना सगळं डोळ्यांसमोर दिसलं होतं, आणि त्यांनी त्याचा चुकीचा अर्थ लावला होता. त्यांच्या स्वतःच्या आईनंही त्यांना असंच वेगळं बसवलं होतं.

"घट कुठं बसवलाय?"

तानाबाईंनी मुलींचं दालन दाखवलं. पूर्वेच्या भिंतीला पत्रावळीवर माती, तिच्यात पेरलेलं धान्य बोटभर उगवलेलं, वर टांगलेल्या माळा आणि बाजूला अखंड दिवा. दिव्यापाशी दोन मुली राखणीला बसल्या होत्या. समोरच्या भिंतीला ओळीनं ट्रंका.

"दसरा काढला तेव्हा या ट्रंका हलवल्या होत्या?"

"अंगणात नेऊन धुतल्या."

"क्रांतीच्या ट्रंकेमागं काय होतं?"

"भीत हुती. सवता पुसली मी, घट मांडताना परत बघितलं. काय न्हवतं."

म्हणजे बाटली घट बसल्यानंतर आली. आणि घट बसल्यापासून क्रांतीनं या दालनात पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर दिव्याच्या राखणीला बसलेल्या मुलींनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"दिवा कधी एकटा राहिला होता?"

"आज सकाळी तेवढा. मासं मेलं म्हटल्यावर सगळ्या हौदाकडं पळाल्या. आमच्या मगदूम बाईबी. क्रांतीबी माझ्यासंगटच हुती. देवीनंच राखला म्हणायचा."

"त्या वेळी आत कोण होतं?"

"कोण न्हाई. दादासाहेब आलं, म्हणालं, आधी घटाला हात जोडतो आणि येतो. मग आलं हौदाकडं."

"कुतुबभाई?"

"त्यो घट बसल्यापासनं पायरी चढत न्हाई. च्या सुदीक खालीच पितोय. म्हणतोय, मावशी, तुमचा देव, तुमचा नेम."

संयोगिताबाई ओळीतल्या ट्रंकांकडं बघत राहिल्या. बाटली ठेवणाऱ्याला क्रांतीवर संशय आणायचा होता. ती या दालनात राहत नाही, हे ज्याला माहीत होतं, त्यानं बाटली शिवणाच्या खोलीत ठेवली असती. तानाबाईंना माहीत होतं. अधीक्षिका प्रियदर्शनी मगदूम यांना माहीत होतं. सगळ्या मुलींना माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त दोन पुरुषांना. एक पायरी चढत नव्हता. दुसरा रोज आरतीला यायचा, आणि समोर बसलेल्या मुलींत एक कमी आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हे सकाळी झडतीच्या वेळी का बोलला नाहीत, मावशी? एका वाक्यात पोरगी सुटली असती."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. "दादासाहेबांपुढं? गड्या माणसापुढं असलं बोलायचं? मगदूम बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. पोरीनं खाली बघितलं. झालं."

६

दिवेलागणीला विजयसिंह आरतीला आले तेव्हा संयोगिताबाई कार्यालयात बसून होत्या. प्रियदर्शनी मगदूम टेबलापलीकडं. विजयसिंहांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदा चष्मा पुसला.

"बाटली मी ठेवताना कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"क्रांतीनं ठेवली नाही, हे मी दाखवू शकते. तुम्ही ठेवली नाही, हे तुम्हाला दाखवावं लागेल. कुतुबभाईंचा फोन कालचा आहे. तुमच्या मोबाइलमध्येही असेल."

"इंगवले बाई," ते म्हणाले, "वर्षभर मी गावोगाव जाऊन सांगतोय की आमच्या पोरी स्वतःचं अन्न स्वतः पिकवतात. बघायला लोक येतात. बघून दुसऱ्या चार संस्था हेच करणार आहेत. शिकून आलेल्या माणसानंच झाकणं धुवायला लावली, हे एकदा बाहेर गेलं की संपलं. चारचौघांत हसं एका माणसाचं होईल, पण बंद पडेल ते पोरींचं ताट."

"आणि म्हणून एका पोरीला बहिणीपासून तोडायचं?"

"दुसऱ्या बालगृहातही जेवायला मिळतं."

प्रियदर्शनीबाईंनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"बरं, लिहा तुम्ही," विजयसिंह म्हणाले. "पण काय लिहाल? मुलगी आत नव्हती. का नव्हती? शासनमान्य बालगृहात पोरीला विटाळ धरून चार दिवस बाहेर बसवलं म्हणून. तुमचा पुरावा हाच आहे. तो समितीपुढं वाचला की मान्यता राहील? सगळ्या पोरी वाटून टाकाव्या लागतील, जागा मिळेल तिथं. एकीला वाचवायला निघालात आणि सगळ्यांना उठवलंत, असं होईल ते."

ते खोटं बोलत नव्हते. संयोगिताबाईंना नियम पाठ होते.

"मॅडम," प्रियदर्शनीबाई हळू म्हणाल्या, "दुसऱ्या कशावर नाही का लिहिता येणार? अळ्यांवर?"

"अळ्यांनी एवढंच ठरतं की विष पडलं नाही. बाटली तिची नाही, हे ठरत नाही. मारायला आणली होती, टाकायची राहिली, असं म्हणतील."

"मग?"

"मग जे आहे ते लिहिणार."

निघण्यापूर्वी त्या शिवणाच्या खोलीत गेल्या. क्रांती अंधारातच बसली होती. त्यांनी दिवा लावला.

"उद्या तुझ्यावरचा आळ जाईल."

"आणि आम्ही दोघी?"

एकत्रच राहाल, असं म्हणणं सोपं होतं. पण ते संयोगिताबाईंच्या हातात नव्हतं, आणि हातात नसलेलं त्यांनी आजवर कुणाला कबूल केलं नव्हतं.

"ते समिती ठरवील," त्या म्हणाल्या.

क्रांतीनं मान डोलावली. पलीकडं स्वयंपाकघरात तानाबाई आणि प्रियदर्शनीबाईंचं बोलणं चाललं होतं. भिंत पातळ होती, शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. बालगृह बंद झालं तर कुठली पोर कुठं जाईल, याचं ते बोलणं होतं.

७

पंचमीच्या सकाळी अकराला समिती बसली. संयोगिताबाईंनी अहवाल वाचायला घेतला. फुलपात्रातल्या अळ्यांपर्यंत पोचल्या असतील, एवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. प्रियदर्शनी मगदूम बोलत होत्या. क्रांती पहाटे न्हायला म्हणून उठली होती. पमीचं अंथरूणही रिकामं होतं. आधी वाटलं, दोघी अंबाबाईच्या दर्शनाला गेल्या असतील. नऊ वाजल्यापासून शोध चालू होता.

"मला का नाही कळवलं?" संयोगिताबाईंनी फोन घेऊन विचारलं.

"दादासाहेब म्हणाले, समितीचं होईपर्यंत थांबा."

संयोगिताबाई अहवाल टेबलावर तसाच ठेवून निघाल्या. स्टँडवर देवीला आलेल्यांची गर्दी होती. कुतुबुद्दीन त्यांच्या आधी तिथं पोचला होता आणि गाडीगाडीशी जाऊन विचारत होता. तानाबाई फलाटाच्या कट्ट्यावर बसून होत्या.

"गडहिंग्लजला मावशी हाय त्यांची," त्या म्हणाल्या. "तिनंच इथं आणून सोडलेली. तिच्याकडं जायाचं म्हंजे... दुसरं हायच कोण त्यांना?"

चौकशीच्या खिडकीतून गडहिंग्लज डेपोला फोन गेला. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरला दोघी आठवत होत्या. थोरलीचे केस ओले होते आणि धाकटी तिच्या मांडीवर झोपली होती, असं तो म्हणाला. तिकिटं गडहिंग्लजची होती.

डेपोनं मावशीच्या घरी माणूस पाठवला. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. पोरी आल्या नव्हत्या, येणार आहेत असा निरोपही नव्हता.

अध्यक्षांनी दुपारनंतर कळवलं की समितीनं अर्जावरचा निर्णय पुढं ढकलला आहे. मुलगी हजर नसताना तो घेता येत नव्हता. विजयसिंह सरनोबत यांचं म्हणणं त्यांनी नोंदवून घेतलं होतं: पळून जाणं म्हणजेच कबुली.

संध्याकाळी कंडक्टर परतीच्या गाडीनं कोल्हापुरात उतरला, तेव्हा संयोगिताबाई स्टँडवरच होत्या. दोघी कुठं उतरल्या, हा एकच प्रश्न त्यांनी त्याला तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. त्याचं उत्तर दर वेळी तेच आलं. गाडी कर्नाटकाची हद्द ओलांडून निपाणीच्या स्टँडवर थांबली होती. धाकटीला तहान लागली म्हणून थोरली तिला घेऊन खाली उतरली. गाडीत गर्दी होती, मागून लोक चढत होते. त्यानं बेल दिली तेव्हा दोघी आत आल्या होत्या की नव्हत्या, हे त्याला सांगता येत नव्हतं.